जी सांगायला आली, तिचा फोन आधी परत करा

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि मुलगी १५ वर्षांची. मुलगा टॅबवर एक ऑनलाइन गेम खेळतो. मागच्या आठवड्यात मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, तो गेममधल्या कुणाशी तरी दुसऱ्याच अ‍ॅपवर बोलतो. मी जवळ गेले की टॅब पालथा घालतो." मी टॅब घेऊन पाहिला. समोरचा स्वतःला १३ वर्षांचा मुलगा म्हणवतो. तीनेक आठवडे रोज बोलणं चालू आहे. त्याने माझ्या मुलाला गेममधली नाणी भेट दिली आहेत. "हे आपल्या दोघांतच ठेव" असं दोनदा लिहिलंय आणि सगळ्यात शेवटी, "शर्ट काढून फोटो पाठव, मी पण पाठवतो." मुलाने फोटो पाठवलेला मला तरी दिसला नाही. मी खूप ओरडले, एक चापटही मारली. संध्याकाळी त्याच्या बाबांनी टॅब आणि मुलीचा फोन दोन्ही कपाटात कुलूपबंद केले. ते म्हणतात, १८ वर्षांचे होईपर्यंत इंटरनेट बंद. मला हे जमण्यासारखं वाटत नाही. एका मैत्रिणीने सुचवलंय की मुलांना न कळता त्यांच्या फोनवर नजर ठेवणारं अ‍ॅप टाक. मुलगा त्या दिवसापासून गप्प आहे आणि मुलगी माझ्याशी बोलत नाही. मी काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मुलाबद्दल पुष्कळ आहे आणि मुलीबद्दल जेमतेम दोन-तीन वाक्यं. तिने येऊन सांगितलं, तिचा फोन गेला आणि आता ती बोलत नाही. मी तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाचं काम तिने केलंय.

तिच्या बाजूने पाहा. भावाचं वागणं तिला खटकलं. ती गप्प बसू शकली असती. धाकट्या भावाबद्दल आईकडे जाऊन सांगणं १५व्या वर्षी कुणालाच सोपं नसतं. तरी ती आली. आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन कपाटात गेला. तुमची दोन्ही मुलं त्या दिवशी एकच गोष्ट शिकली: आईबाबांना सांगितलं की फोन जातो. उद्या तिच्यावरच काही प्रसंग आला, कुणी तिचा फोटो वापरून तिला धमकावलं, तर तिला आधी ते कुलूप आठवेल आणि मग तुम्ही.

म्हणून तिचा फोन आज रात्रीच परत द्या. तुम्ही दोघांनी मिळून द्या आणि मुलगा तिथे असताना द्या. "तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझा फोन घ्यायला नको होता, आमचं चुकलं." एवढं पुरे, त्यापुढे समजावणी नको. मात्र "आता भावावर लक्ष ठेव" असं तिला सांगू नका. ते काम तुमचं आहे. तिच्यावर टाकलंत तर भावंडांमधलं बोलणंही आटेल, आणि यापुढे काही कळायचंच झालं तर ते त्याच वाटेने कळणार आहे.

आता मुलाकडे. तुम्हाला आलेली भीती अजिबात अवाजवी नाही. तुम्ही लिहिलंय तो क्रम पोलिसांच्या सायबर विभागांना आणि मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना चांगला ओळखीचा आहे. ग्रूमिंग म्हणतात ते हेच, म्हणजे गैरफायदा घेण्यासाठी मुलाचा विश्वास हळूहळू कमावणं. आधी भेट, म्हणजे तुमच्या बाबतीत नाणी. त्याने मुलाला थोडं ओशाळं वाटतं, आपण काहीतरी देणं लागतो असं वाटतं. मग गेम सोडून दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणं. यामागे कारण असतं: मुलांच्या गेममधल्या चॅटवर बहुधा काही ना काही गाळणी असते, फोन नंबर किंवा वाईट शब्द अडवले जातात, तक्रारी तपासणारी माणसं असतात. खाजगी अ‍ॅपवर तिसरं कुणी नसतं, आणि स्नॅपचॅटसारख्या अ‍ॅपवर तर वाचलेले मेसेज आपोआप पुसले जातात. मग "आपल्या दोघांतच ठेव." दोनदा का? पहिल्यांदा सांगितल्यावर मूल खरंच गप्प राहिलं की नाही हे त्याला पाहायचं असतं. त्यानंतर फोटोची मागणी, तीही अगदी साध्या फोटोपासून. "मी पण पाठवतो" या शब्दांमुळे मुलाला तो बरोबरीचा व्यवहार वाटतो. पण समोरून जो फोटो येतो तो अनेकदा अशाच दुसऱ्या एखाद्या मुलाचा असतो.

आणि एकदा फोटो गेला की भाषा बदलते. "आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या आईला दाखवेन." ताई, हे वाक्य मुलावर का चालतं याचा विचार करा. फोटो जगभर पसरेल ही भीती असतेच, पण ११ वर्षांच्या मुलाला त्याहून जवळची भीती आईबाबांची असते: ते ओरडतील, मारतील, टॅब काढून घेतील. अशा माणसाचं सगळं बळ या भीतीत आहे. मूल ज्या घडीला विनासंकोच तुमच्याकडे येऊन "असं असं झालंय" म्हणू शकतं, त्या घडीला त्या माणसाच्या हातात काही उरत नाही. मी पुढे जे काही सांगणार आहे, सेटिंग्जपासून पोलिसांपर्यंत, ते सगळं याच्यानंतरचं आहे.

तेव्हा मुलाशी बोलायचं ते असं की तो पुन्हा तुमच्याकडे येईल. सुरुवात चापटीपासून करा. "मी तुला मारलं ते चुकलं. मी घाबरले होते. तुझ्यावर राग नव्हता." मग एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगा: यात तुझी चूक नाही. समोरचा माणूस वयाने बराच मोठा असण्याची खूप शक्यता आहे, असं मुलांशी कसं बोलायचं हे त्याला पाठ असतं, आणि मोठी माणसंही अशा बोलण्याला फसतात. हे बोलणं समोरासमोर बसवून करू नका. काहीतरी हातात घेऊन, शेजारी बसून करा. नजर चुकवता आली तर मुलं जास्त बोलतात.

फोटोबद्दल विचारायचंच आहे, पण "पाठवलास का? खरं सांग!" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येईल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. त्याऐवजी असं म्हणा: "त्याने फोटो मागितला होता. कधीकधी मुलं पाठवतात, कारण समोरचा इतक्यांदा विचारतो. पाठवला असलास तरी मी रागावणार नाही, टॅब जाणार नाही, आणि तो पसरू नये म्हणून काय करायचं ते मला माहीत आहे." मग थांबा. लगेच बोलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तितक्याच शांतपणे. आणि शब्द दिलात तर पाळा. कबुली ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल, तो त्याच्यासमोर चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. तुमचा मुलगा गप्प आहे तो फक्त घाबरून नसेल. कदाचित त्याला त्या मित्राची आठवण येत असेल. तीन आठवडे रोज कुणीतरी त्याची चौकशी केली, त्याचा खेळ वाखाणला, त्याचं ऐकून घेतलं. त्याच्या लेखी ती खरी मैत्री होती आणि ती एका फटक्यात तुटली. "तो नालायक होता" असं तुम्ही म्हणालात तर तो मनातल्या मनात त्याची बाजू घेईल. त्यापेक्षा विचारा, "तो तुला का आवडायचा?" उत्तर नीट ऐका. "तो माझ्याशी खेळायचा," "तो मला चिडवायचा नाही," असं काही आलं तर तुम्हाला पुढे काय करायचं याची दिशा मिळेल. शाळेत कुणी त्रास देत असेल, नवीन वर्गात मित्र झाले नसतील, किंवा घरात त्याच्या खेळात कुणाला रस नसेल. शेवटचं असेल तर उपाय तुमच्याच हातात आहे. आठवड्यातून दोनदा त्याच्या शेजारी बसा आणि तो गेम तुम्हाला शिकवायला सांगा. तुम्ही हराल, तो खूश होईल, आणि त्या अर्ध्या तासात चॅट कुठे असतं, मित्र कसे जोडले जातात, अनोळखी माणसं कशी डोकावतात हे तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा चांगलं कळेल.

"अनोळखी माणसांशी बोलू नकोस" हे आपण सगळे मुलांना सांगतो. या प्रसंगात ते का उपयोगी पडलं नाही पाहा. पहिल्या दिवशी तो माणूस अनोळखी होता. तिसऱ्या आठवड्यात तो मित्र होता. मुलाने तुमचा नियम मोडलाच नाही, त्याच्या हिशेबाने तो ओळखीच्याशीच बोलत होता. त्यामुळे माणसापेक्षा त्याची मागणी ओळखायला शिकवा. कुणी कितीही चांगला असो, ओळखीचा असो, अगदी वर्गातला किंवा नात्यातला असो: त्याने दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावलं, गुपित ठेवायला सांगितलं, अंगाचा फोटो मागितला, पासवर्ड किंवा ओटीपी विचारला, कॅमेरा सुरू करायला सांगितलं किंवा एकट्याने भेटायला बोलावलं की लगेच येऊन सांगायचं. ११ वर्षांच्या मुलाला हे लक्षात ठेवणं जमतं. समोरचा चांगला की वाईट हे ठरवणं मात्र त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि ते ओझं त्याच्यावर टाकूही नये.

आता पुरावा. टॅब कपाटातून काढा आणि चार्ज करा, पण काहीही पुसू नका. अ‍ॅप काढून टाकू नका, गेमही नाही. संपूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, ज्यात तारीख आणि वेळ दिसेल. त्या माणसाचं प्रोफाइल उघडून त्याचंही छायाचित्र घ्या: वापरलेलं नाव, त्याचा आयडी किंवा प्रोफाइलची लिंक, कारण दिसणारं नाव तो क्षणात बदलू शकतो. नाणी भेट मिळाल्याची नोंद गेममध्ये असेल, तीही घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला तर समोरच्याला सूचना जाते. अशा अ‍ॅपवर दुसऱ्या फोनने पडद्याचाच फोटो काढा. मग गेम आणि अ‍ॅप या दोन्ही ठिकाणी तक्रार नोंदवा, आणि त्यानंतरच त्याला ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर काही अ‍ॅपवर ते संभाषणच डोळ्यांआड होतं. मुलाच्या नावाने त्याला उत्तर देऊ नका, त्याला जाळ्यात पकडायला जाऊ नका, शिवीही देऊ नका. त्याला सावध करून तुम्हाला काहीच मिळणार नाही.

पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा असं मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. "फोटो गेलाच नाही, मग काय घडलं?" असा विचार मनात येईल. अनेक देशांच्या कायद्यात मुलाकडे लैंगिक हेतूने अशी मागणी करणं हाच गुन्हा असतो. शिवाय तो माणूस फक्त तुमच्या मुलाशी बोलत असेल असं धरून चालू नका. तिकडे आणखी मुलं असतील, ज्यांना सांगायला बहीण नाही. पोलिसांकडे जायला मन कचरत असेल तर आधी तुमच्या देशातल्या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा. चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल या संस्थेच्या संकेतस्थळावर देशोदेशीचे क्रमांक दिलेले आहेत.

मुलाने फोटो पाठवला होता असं पुढे निघालं तर एक खबरदारी घ्या. त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ नका, आणि नवऱ्याला, बहिणीला, शिक्षकांना दाखवायला म्हणूनही तो पुढे पाठवू नका. मुलांचे असे फोटो बाळगणं किंवा पाठवणं अनेक देशांत गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने केलेली गोष्टही अंगाशी येऊ शकते. उपकरण आहे तसं पोलिसांना दाखवा. याखेरीज 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेने ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केली, आणि इतर देशांतल्या मुलांनाही ती वापरता येते. फोटो काढताना वय १८ पेक्षा कमी असेल तर तिथे जाता येतं. तुमचा फोटो तिथे पाठवावा लागत नाही. तुमच्याच उपकरणावर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्यांना दिला जातो. तो फोटो त्यांच्याकडे कुणी टाकला तर ठसा जुळतो आणि त्यांना तो काढता येतो. नाव द्यावं लागत नाही. मर्यादाही आहे: जी अ‍ॅप या व्यवस्थेत सहभागी नाहीत तिथे, किंवा कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) खाजगी मेसेजमध्ये, हा ठसा काम करत नाही.

तीन आठवड्यांत मुलाने त्या माणसाला काय काय सांगितलं याचीही यादी करा. खरं नाव? शाळा? घराचा भाग, येण्याजाण्याच्या वेळा? गणवेशातला फोटो? शाळेचं नाव गेलं असेल तर शाळेला कळवा, म्हणजे कुणी चौकशीला आलं तर त्यांना माहीत असेल. गेमचा पासवर्ड त्याला दिला असेल, नाणी मिळवण्यासाठी मुलं तेही देतात, तर पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा.

बाबांच्या म्हणण्याकडे येते. त्यांची भीती मला समजते, आणि त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ११ वर्षांच्या मुलाला खाजगी चॅटचं अ‍ॅप लागत नाही. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, डिस्कॉर्ड यांच्या स्वतःच्याच नियमांत किमान वय १३ आहे. आणि हे १३ वर्षांचं बंधन मुळात मुलांची समज पाहून ठरलेलंच नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या माहितीच्या संरक्षणासाठी 'कोपा' हा कायदा केला, त्यात १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई केली. ती संमती घेण्याचा खटाटोप टाळण्यासाठी कंपन्यांनी १३ ही सीमा धरली. त्यामुळे "१३ झाले, आता चालेल" असंही समजू नका. ते अ‍ॅप पुरावा घेऊन झाल्यावर काढून टाका आणि मुलाला कारण सांगून काढा.

पण १८ वर्षांपर्यंत सगळंच बंद, हे नाही. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर अकाउंट ठेवायला मनाई केली, तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. जगभर त्याची चर्चा झाली. बाबांना त्यातल्या दोन गोष्टी जरूर सांगा. एक, त्या कायद्यात दंड कंपन्यांना आहे. मुलाला किंवा पालकांना शिक्षा नाही. दोन, ऑनलाइन गेम आणि निव्वळ मेसेजची अ‍ॅप त्या बंदीतून वगळलेली आहेत. तुमच्या मुलाला तो माणूस गेममध्येच भेटला. म्हणजे इतक्या कडक कायद्यानेही हा प्रसंग टळला नसता. घरात बंदी घातलीत तर मुलं मित्राच्या फोनवर, शाळेतल्या संगणकावर, जुन्या, पडून असलेल्या फोनवर तेच करतील, फक्त आता तुम्हाला सांगण्याचा प्रश्नच येणार नाही. शिवाय मुलगी तीन वर्षांत १८ची होईल. एका वाढदिवशी सगळं एकदम हातात देण्याऐवजी ही तीन वर्षं तिला तुमच्या सोबतीने शिकता येईल.

न कळता नजर ठेवणाऱ्या अ‍ॅपला माझा स्पष्ट नकार आहे. पहिलं कारण तुम्ही ओळखलं असेलच: ज्या दिवशी मुलांना ते सापडेल, आणि १५ वर्षांच्या मुलीला ते सापडतंच, त्या दिवशी विश्वासाचा विषय संपला. आपल्या आईनेही आपल्यापासून गुपित ठेवलं, हे तिला कळेल. आणि गुपित ठेवायला सांगणारा माणूस धोक्याचा असतो हेच तर तुम्ही त्यांना शिकवू पाहताय. दुसरं कारण तांत्रिक आहे आणि तितकंच महत्त्वाचं. अशी अनेक अ‍ॅप टाकण्यासाठी फोनची सुरक्षा बंद करावी लागते, आणि मग मुलांचे मेसेज, फोटो, ठिकाण हे सगळं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातं. स्पायफोन नावाचं असंच एक अ‍ॅप होतं. २०१८ मध्ये त्यांच्याकडची माहिती एका हॅकरच्या हाती लागली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला पाळत ठेवण्याच्या व्यवसायातूनच बाहेर काढलं. मुलाला एका परक्यापासून वाचवताना त्याचे फोटो दुसऱ्या परक्याकडे देऊन बसू नका.

उघड, मुलांना सांगून ठेवलेली देखरेख मात्र जरूर ठेवा, आणि ती वयाप्रमाणे वेगळी असू द्या. मुलासाठी अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, अ‍ॅपलवर स्क्रीन टाइम. नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी लागेल आणि वेळेची मर्यादा घालता येईल. फॅमिली लिंक मुलांचे मेसेज तुम्हाला दाखवत नाही, तेव्हा ते टाकलं म्हणजे निश्चिंत झालो असं नाही. अ‍ॅपलच्या उपकरणांवर 'कम्युनिकेशन सेफ्टी' ही सोय आहे. नग्न फोटो आला की तो धूसर होतो, आणि तो पाहायला किंवा असा फोटो पाठवायला घेतला की मुलाला थांबून विचार करायला सांगितलं जातं. ही तपासणी उपकरणावरच होते. ती सुरू आहे ना, पाहून घ्या. गेममध्ये चॅट फक्त तुमच्या माहितीतल्या मित्रांपुरतं ठेवा किंवा बंद करा. बोलून खेळायचा आवाजी चॅटही विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे 'माझे संपर्क' एवढंच ठेवा.

या सगळ्याआधी एक गोष्ट तपासा, जी जवळजवळ प्रत्येक घरात चुकलेली असते: अकाउंट उघडताना दिलेली जन्मतारीख. मुलं ती खोटी देतात, कधी आपणच घाईत आपली देतो. मग ते अकाउंट कंपनीच्या लेखी मोठ्या माणसाचं होतं आणि मुलांसाठी केलेल्या सगळ्या सोयी गळून पडतात. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलांचे गेमबाहेरचे थेट मेसेज मुळातच बंद केले. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी अकाउंट आणली, ती आपोआप खाजगी असतात आणि ओळखीबाहेरच्यांचे मेसेज अडवतात. यातलं काहीही २५ वर्षांचं वय सांगणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाला लागू होईलच असं नाही. आज बसून दोघांच्याही अकाउंटवरच्या तारखा खऱ्या करा.

मुलीच्या बाबतीत मेसेज वाचायला जाऊ नका. तिच्या वयाचा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोला. किशोरांना खोट्या प्रेमात गुंतवून फोटो मिळवायचा आणि मग पैशांसाठी धमकवायचं, हा प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढला. एफबीआयने वारंवार बजावलंय की पैशांसाठीच्या अशा धमक्यांना १४ ते १७ वयाचे मुलगे अधिक बळी पडतात. मुलींकडून बहुधा पैशांऐवजी आणखी फोटो मागितले जातात. काही मुलांनी यापायी जीव दिला आहे. काही वेळा धमकावणारा परका नसतो, वर्गातलाच असतो. आणि आता साध्या फोटोवरूनही एआय वापरून नग्न फोटो बनवतात, म्हणजे तिने काहीही पाठवलेलं नसतानाही हे होऊ शकतं. तिला एवढं सांगून ठेवा: "असं काही झालं तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो द्यायचा नाही, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवायचं." पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते, कारण हे मूल देऊ शकतं हे त्याला कळतं.

रात्रीचा विषय निघालाच आहे, तर घरातल्या सगळ्यांचे फोन आणि टॅब रात्री झोपायच्या खोल्यांबाहेर एका जागी चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे तुमचेही. दारं बंद, घर झोपलेलं आणि मूल एकटं जागं, या वेळी मुलं जास्त सहज फसतात. मुलगा गेम खेळेल तो बैठकीच्या खोलीत खेळू दे.

मुलाची झोप उडाली, खाणं सुटलं, शाळेला जायला तो टाळू लागला किंवा "मी नसतो तर बरं" असं काही बोलला तर वाट पाहू नका, बालसमुपदेशकाकडे न्या. शेवटचं वाक्य ऐकलंत तर त्याच दिवशी.

टॅब कधी परत द्यायचा? पुरावा गोळा झाला, तक्रार झाली, सेटिंग्ज तुम्ही दोघांनी शेजारी बसून बदलल्या की द्या. हे सगळं एका सुट्टीच्या दिवसात होण्यासारखं आहे, महिनाभर लांबवू नका. देताना त्याला एक सांगा: तो माणूस कदाचित दुसऱ्या नावाने परत येईल, या वेळी मुलगी बनून किंवा "तुझ्यामुळे माझं अकाउंट गेलं" असं रडगाणं घेऊन. अशी माणसं नवीन अकाउंट उघडतात, हे मुलाला आधीच माहीत असलं तर तो गोंधळणार नाही. आणि तसं झालं, तो टॅब घेऊन तुमच्याकडे आला, तर पुन्हा तोच क्रम: स्क्रीनशॉट, तक्रार, ब्लॉक. टॅब त्याच्याच हातात राहू द्या.